तलावात बाहेरचे पाणी ओतू नका

महोदय,

जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून पसरणाऱ्या परक्या जलचरांविषयीचा लेख आपल्या दैनिकात वाचला. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण मच्छीमार संस्थेचे काम पाहणाऱ्या माझ्यासारख्याला त्यात आमच्याच तलावांची गत दिसली.

रिकामे जहाज पाण्यावर उंच तरंगते, हेलकावे खाते. म्हणून माल उतरवला की त्याच बंदराचे हजारो टन पाणी (हेच बॅलास्ट पाणी) टाक्यांत भरून घेतात आणि पुढच्या बंदरात माल चढवताना सोडून देतात. त्या पाण्याबरोबर शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले, शेवाळ, रोगजंतू सारे नव्या किनाऱ्याला लागतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा जेलीसारखा एक जीव १९८० च्या दशकात असाच काळ्या समुद्रात पोहोचला. तिथला अँचोव्ही मासा आधीच बेसुमार मासेमारीने खंगला होता. या जीवाने त्याची अंडी आणि खाद्य दोन्ही फस्त केले आणि हजारो मच्छीमारांचा धंदा बसला.

अशा अनुभवांवरून २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बॅलास्ट पाण्याचा करार केला आणि तो ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. जहाजाने पाणी गाळून, अतिनील किरणांनी किंवा क्लोरिनसारख्या उपायाने शुद्ध करूनच सोडायचे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्यात ०.०५ मिलिमीटरपेक्षा मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमीच असले पाहिजेत, इतकी काटेकोर ही अट आहे. आणि ती रास्तच आहे, कारण आलेला पाहुणा नंतर हलत नाही. मध्य अमेरिकेकडचा एक काळपट शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला. तो आजही आपल्या किनाऱ्यावर ठाण मांडून आहे. तोच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला आढळला, तेव्हा तिथल्या सरकारने बोटींचे धक्के दरवाजे लावून बंद केले आणि पाण्यात क्लोरिन व मोरचूद ओतले. शिंपला संपला, पण आतले बाकी सगळेही मेले. धक्क्याला दरवाजे होते आणि शिंपला वेळेत दिसला, म्हणून निदान एवढे तरी जमले.

आमच्या तलावांना असे दरवाजे नाहीत. कोहळी समाजाने बांधलेले हे जुने मालगुजारी तलाव एकाखाली एक आहेत. वरच्याचा सांडवा वाहिला की पाणी बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, बोडीतून खालच्या तलावात आणि शेवटी वैनगंगेत. वर काही शिरले की ते खाली उतरणारच.

आता या तलावांत सोडायचे मत्स्यबीज कसे येते ते सांगतो. पावसाळ्यात गाडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन थांबते. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवतात, मग गाठ सोडून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, आणि तिच्यासोबतचे पाणी सरळ तलावात ओततात. रोहू-कटल्याची म्हणून आणलेली पिशवी एकदा आम्ही घमेल्यात रिकामी केली, तर त्यात तिलापिया या परक्या माशाची पिल्ले वळवळत होती. या माशाची मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते. दोन-तीन हंगामांत जाळ्यात बोटभर तिलापियाच जास्त येऊ लागतो, आणि मरळीसारख्या गावरान मासोळीला चांगला भाव असूनही ती हाती लागत नाही. तिलापियाही विकला जातोच की, असे काही जण म्हणतात. विकला जातो, पण कोणत्या भावाने, ते मासे विकणाऱ्या ढिवर बायांना बाजारात विचारा.

तिलापिया १९५२ मध्ये देशात आणला गेला, तेव्हा तो उपाय वाटला होता. जलकुंभीही कधीकाळी शोभेची म्हणूनच आली. आज वैनगंगेच्या पात्रात तिचे हिरवे गालिचे दिसतात आणि ती काढायला दरवर्षी पैसा जातो. आफ्रिकन मागूर या माशावर २००० पासून बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो. बंदीचा कागद पुरत नाही. पाणी तलावात पडण्याआधी कोणीतरी पाहिले पाहिजे.

त्यासाठी यंत्रे नकोत. बीज आधी हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) किंवा टाक्यात सोडून निवडावे, पिशवीतले पाणी पाळीपासून दूर बांधीत, म्हणजे भातखाचरात, ओतावे आणि एका तलावाचे जाळे दुसऱ्यात नेण्याआधी कडक उन्हात वाळवावे. हापे आणि टाकी आमच्या संस्थांना परवडत नाहीत. ती मत्स्यव्यवसाय विभागाने द्यावीत. निवडताना पुरवठादाराचा माणूस हजर असावा आणि भेसळ निघाली तर त्याचे पैसे कापावेत. आज भेसळीचा सगळा भुर्दंड आम्हीच भरतो.

पुढचे बीज येण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाने भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या संस्थांची बैठक बोलावून बीज निवडूनच सोडण्याची ही अट तलावांच्या ठेक्याच्या करारात घालावी, ही विनंती.

– मच्छीमार सहकारी संस्थेचा एक सभासद, जि. भंडारा