गोवंश हत्याबंदी श्रद्धेपोटी असेल, तर तिचा खर्च शेतकऱ्याच्या दावणीवर का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्यात मार्च २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्याही कत्तलीला बंदी आहे. या कायद्यावर वाद होतो तो बहुधा कोणी काय खावे यावरून. म्हाताऱ्या बैलाला रोज वैरण कोण घालणार, हा प्रश्न मात्र मागे पडतो. म्हणून हे पत्र.

१९७६ च्या मूळ महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यात गायीची कत्तल बंदच होती. बैलासाठी दाखल्याची सोय होती: ओढकामाला किंवा पैदाशीला जनावर आता परवडत नाही असे तपासणीत ठरले, तर दाखला मिळे. १९९५ च्या दुरुस्तीने ही वाट बंद केली आणि वीस वर्षांनी राष्ट्रपतींची मंजुरी मिळून ती अमलात आली. कत्तल, कत्तलीसाठी वाहतूक किंवा खरेदी-विक्री यांना पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे.

बैलाचा हिशोब कोणत्याही बाजारकऱ्याला तोंडपाठ असतो. दोन दाती खोंड साधारण दोन-अडीच वर्षांचा, जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला बैल पाचच्या आसपास. जुळल्यावर पाच-सात वर्षे तो भरात काम करतो, मग दात झिजतात, चारा चावणे कमी होते, अंग उतरते. पूर्वी अशा वेळी शेतकरी बैल बाजारात उभा करी, आलेल्या पैशांत थोडी भर घालून नवा खोंड आणी. जुन्या बैलाची किंमत हेच नव्या बैलाचे भांडवल होते. बेल्हे, काष्टी, घोडेगावच्या बाजारांत ही साखळी वर्षानुवर्षे फिरत होती. आता थकलेल्या बैलाला उघड गिऱ्हाईक नाही, आणि चोरून घेणारा धोक्याची किंमत शेतकऱ्याच्याच भावातून कापतो.

म्हातारा बैलही शेण-गोमूत्र देतो, म्हणून तो कधीच निरुपयोगी नसतो, असा युक्तिवाद केला जातो. गुजरातच्या कायद्यावरील २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो मान्यही केला. न्यायालयाचा पूर्ण आदर राखून गोठ्यातला हिशोब मांडतो. चारशे किलोच्या बैलाला रोज सात-आठ किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे वर्षाला अडीच ते तीन टन कडबा. शिवाय रोज किमान तीस-चाळीस लिटर पाणी, तेही टँकरच्या गावात. त्याचे वर्षाचे शेण कुजून खत झाले की जेमतेम ट्रॉलीभर भरते. तीन टन कडबा घालून एक ट्रॉली खत घेणे कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही, आणि दुष्काळात तर कडबाच मिळत नाही.

संकरित गोऱ्ह्याची गत याहून वाईट आहे. होल्स्टीन या विदेशी दुधाळ जातीच्या संकरातून झालेल्या गोऱ्ह्याला वशिंड नसते, त्यामुळे जू नीट बसत नाही. उन्हातही तो टिकत नाही. दुधाच्या गोठ्यात त्याचे काही काम नाही. मग चीक संपला की त्याचे दूध तोडतात आणि तो उपासाने मरतो, किंवा रात्री हमरस्त्यावर सोडला जातो. कत्तल टळली म्हणून त्याचे हाल टळले नाहीत. कृत्रिम रेतनासाठी लिंगवर्गीकृत, म्हणजे मादी वासरू व्हावे म्हणून वेगळ्या काढलेल्या रेतमात्रा वापरल्या तर नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडी होतात. हा खरा उपाय आहे आणि तो गावोगावी वेळेवर पोचला पाहिजे. पण आज जन्मलेल्या गोऱ्ह्याचे काय, याचे उत्तर त्यात नाही.

श्रद्धेबद्दल तक्रार नाही. बैलपोळ्याला शिंगे रंगवून पुरणपोळी भरवणारा शेतकरी श्रद्धाळूच असतो. तक्रार आहे ती श्रद्धेचा नियम अर्थशास्त्राच्या नावाने कायद्यात आणण्याबद्दल. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आज ४८ व्या अनुच्छेदात असलेल्या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी आणि आसामचे सय्यद सादुल्ला यांनी नेमके हेच सांगितले होते: बहुसंख्याकांना हे धर्मासाठी हवे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. तसे झाले नाही. अनुच्छेदात शेती व पशुसंवर्धनाची आधुनिक, शास्त्रीय पद्धत आली, आणि त्याच वाक्यात गोहत्याबंदीही. श्रद्धा उघड मान्य केली असती तर तिचा खर्च कोणी उचलायचा, हेही तेव्हाच विचारता आले असते.

खर्च किती, हे सरकारनेच सांगून ठेवले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर करताना गोशाळेतल्या देशी गायीमागे रोज ५० रुपये अनुदान मंजूर झाले. म्हणजे वर्षाला १८,२५० रुपये. पण ते गोशाळेला आणि देशी गायीसाठी. शेतकऱ्याच्या दावणीच्या थकल्या बैलाला त्यातून काही नाही, संकरित भाकड गायीलाही नाही. बंदी मात्र या सगळ्यांना लागू आहे.

वाहतुकीतला जाच वेगळाच. पेरणीसाठी जोडी घेऊन निघालेल्या टेम्पोतही बाजार समितीची पावती, पशुवैद्यकाचा दाखला आणि जनावराच्या कानात ओळख क्रमांकाचा बारा अंकी बिल्ला असावा लागतो. हे सगळे असूनही रस्त्यात जमाव गाडी अडवतो. गुन्हा दाखल झाला की जनावरे गोशाळेत जातात, आणि २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्यांच्या पालनपोषणाच्या खर्चाचा भार मालक आणि वाहतूकदारावर येऊ शकतो. मालक निर्दोष ठरेपर्यंत मृग केव्हाच निघून गेलेला असतो.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी या कायद्यातल्या दोन गोष्टी रद्द केल्या: राज्याबाहेर कायदेशीर कत्तल झालेल्या जनावराचे मांस जवळ बाळगण्यावरील बंदी, आणि निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करण्याची सक्ती. पहिली खासगीपणाच्या हक्कावर घाला घालते, असे न्यायालय म्हणाले. कत्तलबंदी कायम राहिली. दोन्ही बाजू सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

विधिमंडळाला मात्र कोणी अडवलेले नाही. बैल आणि संकरित नरासाठी १९७६ चा दाखला परत आणावा. ते मान्य नसेल, तर आठवडी बाजारातच सरकारने थकलेले जनावर बाजारभावाने विकत घ्यावे आणि बारा अंकी बिल्ल्यावर नोंद करून पैसे त्याच दिवशी शेतकऱ्याच्या खात्यात टाकावेत. वाहन थांबवून झडती घेण्यासाठी उपनिरीक्षकाखेरीज ‘प्राधिकृत व्यक्ती’ नेमण्याची मुभा आठव्या कलमात आहे, ती काढून टाकावी. येत्या अधिवेशनात ग्रामीण भागातल्या आमदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, निदान खरेदीची तरतूद तरी मागावी.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, ता. नेवासा