जाहिरातीत साकाही लिही

चि. मुग्धास, अनेक आशीर्वाद.

आपल्या हापूसच्या पेट्यांसाठी तू लिहिलेली जाहिरात वाचली. आईने वाचताना डोळे पुसले, म्हणजे काम फत्ते! मला मात्र ती अर्धीच वाटली.

पटवायच्या तीन वाटा अ‍ॅरिस्टॉटलने सांगून ठेवल्यात: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. तू सगळा भार भावनेवर टाकलास. आजोबांचा घाम, मामाचं अंगण, सुट्टीतला पाऊस. (आंब्याच्या दिवसांत पाऊस कुठला गं? मेमध्ये नुसतं आभाळ भरून आलं तरी इथे देवगडात पोटात गोळा येतो.)

ऐंशीच्या दशकातली सर्फची ललिताजी यूट्यूबवर बघ. समोर स्वस्तातली निरमा. मग सर्फने हिशेब मांडला, अर्धा किलो सर्फ म्हणजे किलोभर स्वस्त पावडर. पण कंपनीच्या तोंडून हिशेब कोण ऐकणार? म्हणून तो बाजारात घासाघीस करणाऱ्या, कुणाला न बधणाऱ्या बाईच्या तोंडी घातला. पत तिची, आकडे कंपनीचे. बाईवर विश्वास बसला की आकडे कोण पडताळतो! जाहिरात झकास, आणि थोडी डांबरटही.

आपल्याला तसली बाई उभी करायला नको. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपली बाग नोंदलेली आहे. तो नोंदणी क्रमांक टाक. पेटीत किती डझन, फळ किती ग्रॅमचं, तोडणी कधीची, हेही लिही. आणि साका! वरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. बाहेरून आम्हालाही तो ओळखता येत नाही. 'साका निघाल्यास फोटो पाठवा, फळ बदलून देऊ' एवढं लिही. उणं आपणच सांगितलं की बाकीचंही लोकांना खरं वाटतं.

'शंभर टक्के नैसर्गिक' काढ. मोहोरावर आपण फवारणी करतो. 'भाताच्या पेंढ्यात, आढीत पिकवलेला' हे खरं आहे, तेवढंच पुरे. ती रील करणारी तुझी मैत्रीण आंबा न चाखताच गोडवे गाणार असेल तर तिलाही सांग, 2019 च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तोंड दाखवणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आजोबांचा घाम राहू दे, पण एकाच ओळीत. भाव इतक्यात छापू नकोस. वाशीच्या घाऊक बाजारात आवक कशी होते ते बघून कळवतो.

तुझे,
बाबा