उंदराचे फुप्फुस आणि हिरवा त्रिकोण

महोदय,

नाशिकजवळच्या मखमलाबाद-आडगाव पट्ट्यात द्राक्षबागांना खेटून सोसायट्या उभ्या राहिल्या आणि फवारणीवरून कुरबुरी सुरू झाल्या. त्यावर आपल्या सदरात आलेली दोन पत्रे वाचली. एका रहिवाशाचे म्हणणे, औषध उंदरांवर घातक ठरले आहे, आता आणखी पुरावा कशाला? त्यावर एका बागायतदारांचा सवाल, ‘आम्ही काय उंदीर आहोत?’ मी जिल्ह्यात तीस वर्षे जनावरांचा डॉक्टर होतो. बरीच फुप्फुसे उघडून पाहिली आहेत, म्हणून मध्ये तोंड घालतो.

फुप्फुस म्हणजे सगळ्यांच्या छातीत बसवलेला एकाच मापाचा भाता नव्हे. गाईच्या फुप्फुसाचे कप्पे जाड पडद्यांनी अलग केलेले असतात. एकाची वाट कफाने बुजली की शेजारच्या कप्प्यातली हवा तिथे पोचत नाही. कुत्र्यात हे पडदे जवळपास नसतात, हवा आडवाटेने फिरून येते. माणूस या दोघांच्या मधला. आपल्याला उजवीकडे तीन खंड, डावीकडे दोन. उंदराला उजवीकडे चार आणि डावीकडे एकच. गाय-शेळीच्या श्वासनळीला तर उजव्या बाजूने एक जादा फाटा फुटतो. (ढोस पाजताना ठसका लागला की औषध बरेचदा तिकडेच उतरते. जनावराची मान वर ताणून बाटली ओतू नका, हे किती गोठ्यांत सांगितले याचा हिशेब नाही.)

त्यातही मोठा रॅट आणि चिमुकला माऊस, दोघांना आपण उंदीरच म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. रॅटला काजळी, किंवा रंगात वापरतात ती टायटॅनियम डायऑक्साइडची पूड भरमसाट प्रमाणात दोन वर्षे हुंगायला लावली, तेव्हा त्याच्या फुप्फुसाला ती साफ करणे झेपेना; सूज आली, पुढे गाठी झाल्या. माऊस आणि हॅमस्टरला त्याच पुडीने गाठी झाल्या नाहीत. म्हणजे उंदराचेच उंदराशी जुळत नाही. शिवाय हे प्राणी फक्त नाकाने श्वास घेतात आणि त्यांचे नाक म्हणजे चक्रव्यूह, पुष्कळ कण तिथेच अडकतात. पाठीवर पंप घेऊन बागेतून चालणारा माणूस मात्र धापा टाकत तोंडाने श्वास घेतो.

यावरून बागायतदारांनी खूश होऊ नये. ‘प्राण्यांना धूर देऊन पाहिला, फुप्फुसाचा कर्करोग होत नाही’ ही ढाल सिगारेट कंपन्यांनी वर्षानुवर्षे वापरली. १९५० मध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या माणसांच्याच धूम्रपानाच्या नोंदी मांडल्या, तेव्हा ती ढाल पोकळ ठरू लागली.

आणि जिथे जुळते तिथे नाकारून चालत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात हवेचे बारीक फुगे उघडे ठेवणारे सर्फॅक्टंट पुरेसे तयार झालेले नसते. आज असे बाळ श्वासासाठी झगडू लागले की गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढलेले सर्फॅक्टंट त्याच्या श्वासनळीत सोडतात. जपानमध्ये डॉ. फुजिवारा यांनी गाईच्या सर्फॅक्टंटने दहा बाळांवर केलेला उपचार १९८० मध्ये प्रसिद्ध केला. मुदतीआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, त्यांची सुरुवात न्यूझीलंडमध्ये डॉ. लिगिन्स यांच्या मेंढ्यांवरच्या प्रयोगांपासून झाली. कोकरांची फुप्फुसे लवकर पिकताना त्यांना दिसली; १९७२ मध्ये डॉ. होवी यांच्यासोबत केलेली माणसांतली चाचणी प्रसिद्ध झाली. माझ्या नातवाच्या वेळी दोन्ही कामी आली, त्यामुळे इथे मी थोडा पक्षपाती आहे.

आता त्या बागायतदारांच्या पत्रातली दुसरी गोष्ट. आपले औषध हिरव्या त्रिकोणाचे, म्हणजे निर्धोक, असे त्यांनी लिहिले आहे. डब्यावरचा तो रंग १९७१ च्या कीटकनाशक नियमांतल्या तक्त्यावरून ठरतो. प्रयोगातले निम्मे प्राणी दगावायला किती मात्रा लागते, ती तोंडावाटे किती आणि कातडीतून किती, एवढेच त्या तक्त्यात आहे. तोंडावाटे किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅममध्ये काम तमाम झाले तर लाल. ५००० च्या वर लागली तर हिरवा. श्वासाचा रकानाच नाही. नोंदणीसाठी श्वासाच्या चाचण्या निराळ्या होतात, पण त्रिकोणाच्या रंगात त्या उतरत नाहीत. दहा-पंधरा हंगाम थोडे थोडे हुंगल्यावर काय होते, ते तर त्या रंगाला विचारूच नये. थोडक्यात, ‘आम्ही काय उंदीर आहोत?’ असे विचारणारे गृहस्थ प्रयोगशाळेतल्या प्राण्याच्या पोटावर भरवसा ठेवून तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणीचा ब्लोअर चालवत आहेत.

रहिवाशांनी खिडक्यांची काळजी करावी, रास्तच आहे. पण सर्वांत जास्त हुंगतो तो उघड्या ट्रॅक्टरवर बसलेला मजूर, आणि दोन्ही पत्रांत त्याचे नाव नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारण्या सुरू होतात. त्याआधी एकदा आणि माल उतरल्यावर एकदा, प्राथमिक आरोग्य केंद्रात या मजुरांना फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या स्पायरोमीटरमध्ये फुंकायला लावा. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. बागायतदार संघ आणि सोसायट्या मिळून यंत्र देणार असतील, तर नोंदी ठेवायला मी येतो.

— एक निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी, पंचवटी, नाशिक