मिक्सिंगवाल्याला शिव्या द्यायच्या आधी दहा मोजा

मा. संपादक साहेब,

नमस्कार. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहायलोय, चूकभूल सांभाळून घ्या. मी परभणीत लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो, म्हणजे शूटिंगचे तुकडे कापून-जोडून सलग व्हिडिओ बनवतो, वीसेक वर्षं झाली. आमच्याकडं लोक अजूनबी दुकानात येऊन "कॅसेट झाली का" असंच विचारतात, आन् आपण देतो पेनड्राईव्ह. तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू होईल म्हणून माझं गाऱ्हाणं आन् चार कामाच्या गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो, कारण नंतर सांगून काय उपयोग, कार्डात जे आलंच नाही ते मी कॉम्प्युटरमधून कुठून काढू?

मागच्या सराईत जिंतूरकडचं एक लग्न आलं होतं. शूटिंगवाला एक, शिवाय घरच्या पोरांचे सात-आठ मोबाईल, सगळ्यांच्या मिळून चारशेच्या वर क्लिपा. ऐकायला लई वाटतं. मंगलाष्टका लावायला बसलो तर एक क्लिप धड चार सेकंद टिकायला तयार नाही, कॅमेरा नवरीवर आला की लगेच अंतरपाटावर, अंतरपाटावरून मामावर, मामावरून थेट वरच्या पंख्यावर, मग कुणाचा तरी फेटा. शूटिंगवाल्यानंच अशी घाई केलेली, मग पोरांना काय बोलायचं. पाचवी मंगलाष्टका तर सलग कुणाकडंच नव्हती. दोन दिवस डोकं धरून बसलो. शेवटी मुलीच्या मावशीचा फोन मागवला. मावशीनं काय केलं होतं, तर फोन खुर्चीवर पाण्याच्या जारला आडवा टेकवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आन् अक्षता टाकायला गेल्या. अकरा मिनिटं फोन जागचा हलला नाही. अख्खं स्टेज दिसतंय, आवाज सलग.

बस, काम झालं. ते अकरा मिनिटं मी टाईमलाईनवर, म्हणजे कॉम्प्युटरात क्लिपा ओळीनं लावायची पट्टी असते तिच्यावर, खाली अंथरले आन् बाकीच्यांचे तुकडे वरून ठेवत गेलो, नवरीचा चेहरा तीन सेकंद, आईचे डोळे दोन सेकंद, भटजी, अक्षतांचा वर्षाव, आन् जिथं क्लिप हलली तिथं परत मावशीचा शॉट. चित्र बदलत राहतं पण खालचा आवाज तोच चालू राहतो, म्हणून बघणाऱ्याला जोड कुठं आहे ते कळत नाही. त्यामुळं माझी पहिली विनंती हीच, कार्यक्रम कोणताबी असो, लग्न, बारसं, सप्त्यातलं कीर्तन, एक फोन कुठंतरी टेकवून, आडवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू ठेवा आन् त्याला हात लावू नका. मग बाकीच्यांनी कितीबी नाचावं.

दुसरं, दहा मोजा. रेकॉर्डचं बटन दाबलं की मनात दहापर्यंत मोजायचं, मगच बंद करायचं किंवा दुसरीकडं वळायचं. बटन दाबताना हात हलतो त्यात सुरुवातीचा सेकंद जातो, बंद करताना शेवटचा जातो, आन् एका शॉटवरून दुसऱ्यावर हळूच विरघळत न्यायचं म्हटलं तर दोन्हीकडून अजून एकेक सेकंद लागतो, मग चार सेकंदाच्या क्लिपेत माझ्या हाती काय राहिलं? पूर्वी साठ मिनिटांची मिनी डीव्ही कॅसेट असायची, ती कॉम्प्युटरात उतरवायला पुन्हा पूर्ण तास लागायचा, त्यामुळं शूटिंगवाला दमानं, विचार करून बटन दाबायचा. आता कार्ड मोठं झालंय आन् हात मोकळा झालाय.

कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या नव्या पोरांना एक सांगतो. आपली लाईट 50 हर्ट्झची आहे, म्हणजे कार्यालयातल्या ट्यूबा आन् स्वस्तातले एलईडी सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. शटर, म्हणजे एकेका चित्राला कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते, 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवलं की पट्टे येत नाहीत. पोरं काय करतात, परण्याला उन्हात 1/500 ठेवतात आन् आत आल्यावर बदलायचं विसरतात, मग अख्ख्या लग्नावर काळे पट्टे पोहत राहतात आन् फोन मला येतो, "मिक्सिंगमधी काढून टाका". काढता येतात थोडेफार, पण मग नवरीचा चेहरा मेणाचा दिसतो. लाईट जाऊन जनरेटरवर आलं तर त्याचा वेग कमीजास्त होतो, मग शटर बरोबर असूनबी पट्टे येऊ शकतात, अशा वेळी जवळ बॅटरीचा चांगला लाईट असलेला बरा. व्हाईट बॅलन्सबी, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात रंगाचं सेटिंग असतं ते, ऑटोवर ठेवू नका, हळदीच्या पिवळ्या मांडवात चालू शॉटमधीच रंग बदलतो आन् एकच नवरदेव आधी पिवळा मग निळा दिसतो.

मोबाईलवाल्यांचं वेगळं दुखणं आहे. आपला कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेमवर, म्हणजे 25 चित्रं काढतो, मोबाईल 30 वर, आन् तेबी एकसारखं नाही, अंधार झाला की फोन स्वतःच्या मनानं फ्रेम कमी करतो. लहान क्लिपेत कळत नाही पण तासाभराच्या कीर्तनात महाराजांचा अभंग पुढं आन् ओठ मागं, असं होऊन बसतं. मी अशा फाईली आधी हँडब्रेक नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून एकसारख्या फ्रेम रेटवर करून घेतो, मगच टाईमलाईनवर घेतो. स्लो मोशन पाहिजे असेल तर शूटिंगच 50 फ्रेमवर करा, 25 वर चालवलं की बरोबर निम्मा वेग होतो. साध्या 25 च्या शूटिंगला नंतर ताणलं की ते झटके देत चालतं.

आता सात फोनचे आवाज जुळवायचे कसे, हे बरेच जण विचारतात. शेवटचं "सावधान" झालं की टाळ्या पडतात आन् ताशाचा पहिला ठोका बसतो, कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेख दिसतो त्यात त्या ठोक्याची वरची टोकदार रेघ सगळ्या क्लिपांत दिसते, ती एकाखाली एक आणायची. गंमत म्हणजे मागच्या रांगेतला फोन तरीबी जरा उशिरा ऐकतो, कारण आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, म्हणजे 34 मीटर मागं उभं राहिलात की सेकंदाचा दहावा भाग, अडीच फ्रेम. तेवढं मी डोळ्यानं सरकवून घेतो.

अजून एक, ह्यात माझा लई वेळ जातो, म्हणून जरा कळकळीनं. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळ्या कॅमेऱ्यांची तारीख-वेळ एक करा. मी क्लिपा वेळेनुसार लावतो, आन् एका कॅमेऱ्याचं घड्याळ सात तास मागं असलं की वरात आधी, हळद नंतर! बॅटरी काढून ठेवलेल्या कॅमेऱ्यात तर कधीकधी मागचं सालच निघतं. उन्हाळ्यातल्या लग्नात फोन उन्हात तापून आपोआप बंद पडतो, तवा त्याला सावलीत ठेवा, आन् हळदीच्या बोटांनी धरलेल्या फोनची काच उपरण्यानं पुसून घ्या, नाहीतर सगळं धुक्यातलं लग्न होतं.

क्लिपा मात्र व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ते दाबून बारीक करतं. पाठवायच्याच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, 2 जीबीपर्यंत जाते. सगळ्यात बरं म्हणजे फोनच घेऊन दुकानात या, केबलनं काढून घेतो. कॅमेऱ्यावर फोरके, म्हणजे जास्त बारकाव्याचं शूटिंग, 100 एमबीपीएसनं (सेकंदाला 100 मेगाबिट) काढलं तर तासाला 45 जीबी होतात, म्हणून हार्डडिस्क घेऊन या, दोन आणा, एक तुमच्या घरी राहू द्या. आन् माझ्याकडं कॉपी झाल्याचं मी सांगेपर्यंत कार्ड पुसू नका.

त्या मावशी नंतर कॅसेट बघायला आल्या होत्या. मी म्हटलं मावशी, सगळ्यात भारी शूटिंग तुमची. त्या म्हणाल्या, "मी कुठं शूटिंग केली, मी तर फोन बंद करायचा विसरून जेवायला बसले." खरंच, फाईलीत पुढं अजून चाळीस मिनिटं होती, सगळी रिकाम्या खुर्च्यांची.

आपला,
एक मिक्सिंगवाला, परभणी