मांजरे घरातच राहू द्या

पुणे,
१० ऑक्टोबर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी ठमी, सोन्या आणि ठमीची दोन्ही पिल्ले पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून येण्याचे बोलून दाखवले, तेव्हापासून माझे कशात लक्ष लागत नाही. तुमचा त्रास मला समजतो. आईच्या घोट्यांवर लाल गांधी उठल्या आहेत, रात्रीची झोप नाही, आणि फवारणीवाल्याला पैसे मोजूनही पंधरवड्यात पिसवा पुन्हा हजर झाल्या, त्यामुळे बाबांचा धीर सुटणे साहजिक आहे. तरीही मांजरांना बाहेर काढल्याने पिसवा जाणार नाहीत, उलट त्या वाढत्या संख्येने तुम्हा दोघांना चावतील, आणि या पिसवा संपवण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे औषध लावलेली तुमची हीच मांजरे आहेत. मी इथल्या पशुवैद्यांशी बसून बोलले आहे. फोनवर अर्धे ऐकू येते आणि अर्धे राहून जाते, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे. कृपया दोघांनीही हे पत्र पूर्ण वाचा आणि तोवर मांजरांना हलवू नका.

आपल्या पायावर उडी मारणारी पिसू डोळ्यांना दिसते, म्हणून तीच सारे संकट आहे असे वाटते. प्रत्यक्षात घरातल्या एकूण पिसवांपैकी पूर्ण वाढलेल्या पिसवा जेमतेम ५ टक्के असतात. उरलेल्या सगळ्या अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत जमिनीच्या फटींत, चटयांखाली आणि अंथरुणांत दडलेल्या असतात. पिसवेची मादी मांजराचे रक्त प्यायली की एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि दिवसाला ४० ते ५० पर्यंत अंडी घालू शकते. उवेच्या लिखा केसांना चिकटून राहतात, तशी ही अंडी राहत नाहीत. मांजर जिथे झोपेल किंवा अंग झाडेल, तिथे ती गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्यांना उजेड सोसत नाही, म्हणून त्या खाली आणि आत शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतून पडलेल्या सुकलेल्या रक्तावर वाढतात. त्यांना ऊब आणि दमट हवा लागते, आणि पावसाळ्यातले आपले कोकणातले घर त्यांना दोन्ही गोष्टी भरपूर पुरवते. पोषक हवा मिळाली की अंड्यापासून पिसू होईपर्यंतचा सगळा फेरा तीन-चार आठवड्यांत पुरा होतो.

खरी अडचण कोषाची आहे. अळी स्वतःभोवती चिकट रेशमी कोष विणते, त्याला धूळ आणि कचरा चिकटतो आणि तो जमिनीवर ओळखूसुद्धा येत नाही. त्या कोषाच्या आत फवाऱ्याचे औषध पोहोचत नाही. आत तयार झालेली पिसू घाईने बाहेर येत नाही. जवळपास प्राणी असल्याची चाहूल लागेपर्यंत, म्हणजे जमिनीची थरथर, अंगाची ऊब किंवा श्वासातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड जाणवेपर्यंत, ती काही आठवडे आणि प्रसंगी चार-पाच महिनेही आत थांबून राहते. तुम्ही दोघे श्रावणात माझ्याकडे होता, घराला कुलूप होते आणि शेजारच्या काकू मांजरांना बाहेरच्या पडवीतच दूधभात घालत होत्या. परत आल्यावर माजघराचे दार उघडताच पिसवांनी पाय भरून गेले, असे आईने सांगितले होते, त्याचे कारण हेच आहे. त्या काही नव्याने आलेल्या नव्हत्या. बंद घरात कोषांत थांबलेल्या पिसवा तुमची पावले वाजताच एकदम बाहेर पडल्या.

बाबा, आता मांजरे नसलेल्या घराचा विचार करा. कोष जागच्या जागी राहतील, तुम्ही घरात वावराल, पिसवा बाहेर येतील आणि समोर तुमचे दोघांचेच पाय असतील. याउलट मांजराच्या मानेवर योग्य औषध असेल, तर नव्याने निघालेली पिसू आधी त्याच्यावर उडी घेईल, कारण तिला मांजराचेच रक्त हवे असते, आणि औषधाच्या संपर्काने बहुधा अंडी घालण्याआधीच मरेल. मांजर घरभर हिंडत राहील तशा कानाकोपऱ्यांतल्या पिसवा त्याच्या अंगावर येऊन संपत जातील. म्हणून औषध लावल्यावर मांजरांना पडवीत कोंडू नका. जिथे पिसवा झाल्या आहेत त्याच खोल्यांत त्यांना नेहमीसारखे फिरू द्या.

औषधाविषयी मात्र माझी हात जोडून विनंती आहे. बाजारातल्या दुकानदाराने कुत्र्याची एक नळी दिली आहे आणि ती दोन मांजरांत अर्धी-अर्धी लावा असे सांगितले आहे, असे बाबा म्हणाले. ती नळी उघडूही नका. कुत्र्यांच्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन असते, आणि गुरांच्या गोचिडांवर पाण्यात कालवून लावायच्या औषधांत सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असते. कुत्र्याचे आणि गाईचे शरीर ही द्रव्ये निचरून टाकते, पण मांजराच्या यकृताला ते जमत नाही. लावल्यानंतर काही तासांत मांजराला कापरे भरते, लाळ गळते, झटके येतात, आणि त्यात ते दगावूही शकते. या विषावर उतारा म्हणून नेमके औषध नाही. अर्धी मात्रा लावल्याने धोका टळत नाही. चुकून कोणी लावलेच, तर कोमट पाण्याने आणि भांडी घासण्याच्या पातळ साबणाने लगेच अंग धुवा आणि वेळ न घालवता दवाखान्यात न्या. रॉकेल चोळणे, कापूर किंवा डांबराच्या गोळ्या अंथरुणात ठेवणे, फिनेलच्या पाण्याने मांजराची जागा पुसणे, हे आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आले असले तरी मांजराला यातले सगळेच बाधते, कारण ते दिवसभर स्वतःचे अंग चाटत असते आणि अंगाला लागलेले सगळे त्याच्या पोटात जाते. माळ्यावर जुन्या गॅमेक्सीन पावडरीचा डबा अजून असेल, तर तो कृपया वापरू नका. त्या विषावर आपल्या देशात बंदी आली आहे, आणि ते माणसालाही घातक आहे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मांजरांसाठीचेच, त्यांच्या वजनाप्रमाणे, मानेवर लावायचे औषध मागा. त्यात फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असेल. कोणते घ्यायचे ते डॉक्टर ठरवतील. दवाखान्यात ते नसेल तर मला कळवा, मी इथून पाठवते. मानेच्या मागे, जिथे मांजराची जीभ पोहोचत नाही तिथे केस दुभंगून, थेंब केसांवर न सांडता थेट कातडीवर टाकायचे असतात. त्याआधी आणि नंतर दोन दिवस मांजराचे अंग ओले होऊ देऊ नका. दर महिन्याला ठरल्या तारखेला, घरातल्या एकूण एक मांजराला, सलग निदान तीन महिने हे झाले पाहिजे. मागच्या दारी जेवायला येणारा काळा बोका आपला नसला, तरी तो आपल्या पडवीत झोपतो, म्हणजे अंडीही तिथेच पाडतो. त्याला वगळले तर बाकीचे सगळे श्रम अर्धे वाया जातील. तो हाताला लागत नाही हे मला ठाऊक आहे, पण आई जेवण वाढते तेव्हा तो ताटलीत डोके घालून उभा असतो, आणि तेवढ्या वेळात मानेवर थेंब टाकता येतात.

पिल्लांचे काय, हा प्रश्न आईला पडेल. ती अजून दोन महिन्यांची झालेली नाहीत, म्हणून डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय त्यांना कोणतेही औषध लावायचे नाही. त्यांच्यासाठी मी बारीक दातांची फणी पाठवली आहे. रोज सकाळी उजेडात पांढऱ्या पंचावर पिल्लू घेऊन मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत फणी फिरवायची आणि दातांत अडकलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, म्हणजे त्या उडून जात नाहीत. पंचावर काळी बारीक कणी पडेल. ती मळ आहे की आणखी काही, हे ओळखण्यासाठी ओल्या कापसावर ती कणी ठेवून किंचित दाबा. भोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ते पिसवेच्या विष्ठेतले रक्त आहे. एवढ्याशा जिवातून रोज इतके रक्त गेले तर ते खंगते. पिल्लांच्या हिरड्या गुलाबी नसून पांढुरक्या दिसल्या किंवा पिल्लू सुस्त पडून राहिले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ठमीच्या शेपटीखाली किंवा तिच्या झोपायच्या जागी तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात का, हेही पाहा. चाटताना पोटात गेलेल्या पिसवेतून फीतकृमी होतो आणि त्यावर वेगळी गोळी द्यावी लागते.

घराच्या सफाईसाठी दोघांपैकी कोणीही वाकायचे नाही. बाबांचे गुडघे आणि आईची कंबर यांना हे काम झेपणारे नाही. कामाला येणाऱ्या मावशींना महिनाभर जास्तीचे पैसे द्या, ते मी पाठवते. सोबत पाठवलेला व्हॅक्यूम क्लीनर माजघरात, पलंगाखाली, भिंतीच्या कडेने आणि फरशीच्या सांध्यांवर एक दिवसाआड फिरवायला सांगा. त्याने अंडी आणि काही अळ्या निघतातच, शिवाय त्याच्या थरथरीने कोषांतल्या पिसवा बाहेर येतात, आणि बाहेर आल्या की मांजरांवरच्या औषधाच्या तावडीत सापडतात. त्याची पिशवी प्रत्येक वेळी लगेच बाहेर नेऊन, घट्ट बांधून टाकून द्यावी. मांजरे ज्या गोणपाटांवर झोपतात ती टाकून द्या आणि त्यांना धुता येण्यासारख्या जुन्या चादरी द्या. त्या चादरी आणि तुमची पांघरुणे आठवड्यातून एकदा बंबातल्या कडकडीत पाण्यात धुतली जावीत. गोधड्या आणि गाद्या आता ऊन पडते आहे तोवर अंगणात उलटसुलट करून वाळवा.

मागच्या पडवीतल्या सारवलेल्या जमिनीची मला जास्त काळजी वाटते. तिथे नारळाची सोडणे आणि लाकडे रचलेली असतात, ऊन कधी येत नाही आणि माती ओलसर राहते. अळ्यांना यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. तो सगळा ढीग गड्याकडून बाहेर काढून घ्या, खालचा कचरा झाडून जाळा आणि ती जमीन काही आठवडे कोरडी ठेवा, सारवण तेवढे पुढे ढकला. भर उन्हातल्या अंगणावर मात्र काही फवारण्याची गरज नाही, तिथे अळ्या जगत नाहीत.

फवारणीवाल्याला पुन्हा बोलवायचे ठरले, तर पिसवा मारणाऱ्या औषधाबरोबर अंडी आणि अळ्यांची वाढ रोखणारे पायरीप्रॉक्सिफेन त्याच्याकडे आहे का, हे आधी विचारा. ते नसेल तर खर्च करू नका. आणि फवारलेली जमीन पूर्ण वाळेपर्यंत मांजरे आणि तुम्ही दोघे शेजारी जाऊन बसा.

हे सगळे नीट झाले तरी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिसवा दिसत राहतील, कधी वाढल्यासारख्याही वाटतील. आधीच तयार झालेले कोष उघडत असतात, म्हणून असे होते. औषध फुकट गेले असे समजून बाबांनी मधेच ते बदलू नये किंवा दुप्पट लावू नये. आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी, पांढरे मोजे पोटरीपर्यंत ओढून माजघरातून आणि पडवीतून सावकाश फेरी मारा आणि मोज्यांवर किती पिसवा चढल्या ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. आकडा महिन्याभरात उतरू लागेल, आणि तो उतरताना दिसला की तुमचाही धीर टिकेल.

बाबांनी प्लेगची भीती बोलून दाखवली, तिचाही विचार मी केला. १८९६ साली मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात जो प्लेग पसरला, तो मुख्यतः उंदरांवरच्या पिसवेने पसरवला होता, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले. ती जात निराळी. आपल्या घरातली पिसू मांजराची आहे आणि तुमच्या मांजरांमुळे घरात उंदीर फिरकत नाहीत, म्हणून त्या भीतीपायी तरी मांजरांना घालवू नका. मला खरी चिंता आईच्या पायांची आहे. आई, तुला मधुमेह आहे. खाजवून झालेली जखम चिघळली तर बरी व्हायला फार दिवस लागतील. चावलेल्या जागी खाज सुटली की गार पाण्याची पट्टी ठेव, नखे कापून ठेव, आणि जागा लाल होऊन दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. पिल्लांनी ओरबाडले तरीही जागा लगेच साबणाने धुवायची.

दिवाळीला मी येते आहे. येताना दुसऱ्या महिन्याचे औषध सगळ्या मांजरांपुरते घेऊन येईन आणि माळ्यावरची सफाई तेव्हा माझ्या हाताने करीन. पहिले औषध या आठवड्यातच लावले जावे, म्हणून दवाखान्यात जाण्याआधी दोन्ही मोठ्या मांजरांची वजने घ्या. मांजराला कडेवर घेऊन बाबांनी काट्यावर उभे राहायचे आणि नंतर स्वतःचे वजन त्यातून वजा करायचे. आकडे मला फोनवर सांगा, म्हणजे औषध न मिळाल्यास मी इथून लगेच पाठवू शकेन.

तुमची,
मंजू