किरुनाचे चर्च चालले, म्हणून काळा दगड चालेल असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वीडनमधील किरुना या खाणीच्या गावातले चर्च गाड्यांवर चढवून पाच किलोमीटर नेले, त्याची चित्रफीत अजून मोबाइलवर फिरते आहे. रस्तारुंदीकरण असो की पूररेषा, जुन्या दगडी वास्तूचा विषय निघाला की कोल्हापुरात कोणीतरी ती पुढे करतो आणि विचारतो, ‘तिथे जमते, मग इथे का नाही?’ प्रश्न रास्त आहे, उदाहरण मात्र चुकीचे निवडले आहे.

किरुनाचे चर्च १९१२ सालचे आणि लाकडी. लोहखनिजाच्या खाणीमुळे जमीन खचू लागल्याने तिथे गावच हलवावे लागते आहे. चर्चखालची माती काढून पोलादी तुळया सरकवल्या, तुळयांखाली बहुचाकी ट्रेलर घातले आणि १९ व २० ऑगस्ट २०२५ या दोन दिवसांत ६७२ टनांची वास्तू नव्या जागी नेली. त्यासाठी नऊ मीटरचा रस्ता आधी चोवीस मीटर रुंद करून घेतला होता. लाकडी सांगाडा वाटेत थोडा मुरडतो, कुरकुरतो आणि पुन्हा जागेवर येतो. दगडी भिंतीला मुरडणे ठाऊक नाही, ती फाटते.

वजनाचा हिशेब तर कागदावर मांडून पाहावा. दहा बाय वीस मीटरचा साधा दगडी हॉल, भिंत दोन फुटी, उंची पाच मीटर. दारे-खिडक्या न वगळता सुमारे १८० घनमीटर, म्हणजे ६३-६४ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) बांधकाम आणि साडेचारशे टनांच्या आसपास वजन. छप्पर आणि जोते वेगळेच. चाळीस मीटर रुंदीच्या त्या लाकडी चर्चच्या दोन तृतीयांश भार आपल्या एका छोट्या हॉलमध्येच भरतो.

दुसरी अडचण भिंतीच्या पोटात आहे. जुनी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण बहुतेक वेळा ती घडीव दगडाचे दोन पडदे आणि मधे कपच्या, खडे, चुना, कुठे नुसती माती अशी असते. दोन्ही पडदे बांधणारे हेडर, म्हणजे आरपार दगड, पुरेसे असतील तर ती एक भिंत. नसतील तर एकमेकींना टेकून उभ्या राहिलेल्या दोन पातळ भिंती. छपरातून पाणी झिरपत राहिले की मधली भर खाली बसते आणि भिंतीला पोट सुटते. अशा भिंतीच्या जोत्यात तुळईसाठी भोके पाडली की भर वाळूसारखी ओघळते आणि वरचे थर टेकू सोडतात. पूरपट्ट्यात जॅकवर घर उचलण्याची कामे आता नवलाची राहिलेली नाहीत. ती साधतात, कारण त्या घरांच्या भिंती एकतर काँक्रीटच्या प्लिंथ बीमवर, म्हणजे जोत्यावरच्या सलग तुळईवर, उभ्या असतात किंवा हलक्या विटेच्या असतात. वाड्याच्या भिंतीखाली बीम नसतो.

दगडी चर्च अखंड हलल्याचे उदाहरण हवे असेल तर तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील मोस्ट गावाचे घ्यावे. लिग्नाइट कोळशासाठी जुने मोस्ट पाडले, पण १५१७ साली बांधायला घेतलेले गॉथिक चर्च वाचवायचे ठरले. आधी मनोरा उतरवला. मग भिंतींना काँक्रीटचा पट्टा आणि आतून पोलादी सांगाडा देऊन अख्खी वास्तू जखडली. सांगाड्यासह दहा हजार टनांवर गेलेला हा भार रुळांवरच्या ५३ गाड्यांवर घेतला. रूळ कुठे खचला तर त्या जागच्या गाडीने भिंतीचा आधार सोडू नये, म्हणून भार हायड्रॉलिक सिलिंडरांवर सतत वाटत ठेवला. वेग मिनिटाला सुमारे दोन सेंटिमीटर, अंतर ८४१ मीटर. १९७५ च्या सप्टेंबरअखेर निघालेले चर्च २८ दिवसांत पोहोचले. ते लोकांसाठी उघडायला मात्र १९८८ साल उजाडले. चित्रफितीत अठ्ठावीस दिवस दिसतात, मागची-पुढची वर्षे दिसत नाहीत.

म्हणून दगडी वास्तूला बहुधा तिसराच मार्ग उरतो, तो म्हणजे उतरवून पुन्हा बांधणे. पंचगंगेचे पाणी नरसोबावाडीला कृष्णेत मिळून पुढे ज्या श्रीशैलमच्या धरणात जाते, त्या धरणाच्या पाण्याखाली जाणारे कुडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर असेच उतरवून आलमपूरला उभे केले. लंडनमध्ये १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळालेले सेंट मेरी आल्डरमनबरी हे चर्च अमेरिकेतल्या फुल्टन या छोट्या गावी गेले, तेही सुमारे सात हजार दगड मोजून. तिथे पोहोचेपर्यंत दगडांचा क्रम विस्कटला आणि जुळवाजुळवीत वेळ गेला.

क्रम विस्कटतो तो क्रमांकामुळेच. दर्शनी बाजूला खडूने घातलेला आकडा पहिल्या वळवाने जातो आणि ऑइलपेंटचा कायमचा राहतो. आकडा दगडाच्या वरच्या, सांध्यात झाकल्या जाणाऱ्या बाजूस घालावा. बाजू, थर, जागा अशा क्रमाने, जसे ‘उ-७-१२’. तोच नकाशावर आणि छायाचित्रावरही हवा. कमानीखाली सेंटरिंग, म्हणजे तात्पुरता आधाराचा सांगाडा, घट्ट बसल्याशिवाय चावीच्या, म्हणजे कमानीच्या माथ्यावरच्या मधल्या, दगडाला पहार लावू नये. नव्या जागी उतरवलेल्या दगडांचे चट्टे, म्हणजे रचलेले ढीग, थरानुसार लावावेत. शेवटी उतरलेला दगड आधी लागतो, त्यामुळे जोत्याचे दगड हाताशी आणि शिखराचे लांब.

बांधताना घोटाळा होतो तो सांध्यात. प्रत्येक सांधा तीनच मिलिमीटर जाड झाला तरी तीस थरांत नऊ सेंटिमीटर वाढतात आणि चौकटी, कमानी जुळत नाहीत. मग गवंडी दगड तासतो आणि जुनी घडाई जाते. म्हणून दर थराला ओळंबा आणि लेव्हल पाइप लावून मूळ नकाशाची उंची तपासायलाच हवी. चुन्याऐवजी सिमेंट वापरले तर ओल सांध्यातून बाहेर न पडता दगडात शिरते, कडा खपल्यांनी सुटतात आणि पुढे कधी उतरवायची वेळ आली तर दगड फुटतो. चुना मात्र सावकाश धरतो. तेव्हा काम दसऱ्यानंतर उतरवायला घ्यावे आणि पावसाळ्याआधी निदान नवे जोते, भराव ठोकून, काळ्या मातीखालच्या मुरमावर उभे असावे.

स्थलांतराचा ठराव करण्यापूर्वी भिंत तीन-चार ठिकाणी उघडून आत काय आहे ते पाहावे आणि तो अहवाल लोकांसमोर ठेवावा, एवढी विनंती. निविदेत ‘स्थलांतर’ असा एकच आकडा न टाकता मोजणी, उतरवणे, वाहतूक, चुन्याचे काम वेगवेगळे दाखवावे. राखणदाराचा पगारही धरावा. घडीव काळ्या दगडाला कोल्हापुरात गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

आपले,
दगडी बांधकामाच्या व्यवसायातील काही वाचक, कोल्हापूर