बेबीच्या सहीबद्दल

कोल्हापूर

प्रिय मंगल,

दिवाळीनंतर तुला एक ओळ नाही, त्याचा राग भेटशील तेव्हा काढ. इकडे सगळं बरं. आईचा गुडघा आहे तसाच.

लिहायला बसले ती बेबीपायी. तिच्या वडिलांचं, अण्णांचं, वर्षश्राद्ध झालं आणि भावानं, बाळूनं, हक्कसोड पत्राची, म्हणजे वारसानं जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदाची, तारीखही ठरवून टाकली. बेबी सहीला तयार आहे. म्हणते, "जमीन नको असं न्हाई गं, पण वाटा मागून मला फेमिनिस्ट म्हणवून घ्यायचं न्हाई. माहेर तुटंल." तिची बहीण आक्का गप्प.

आपलं कॉलेजातलं भांडण आठवलं. 'स्त्रीवाद' म्हटलं की बायका बिचकतात, 'समानता' म्हणा, असा तुझा हट्ट. मिसळ गार झाली तरी तू मागे हटली नाहीस. मला ते आजही पटत नाही. आखूड केस, मोकळं कपाळ, नवरा सोडलेली, पुरुषांवर खार खाणारी, पुण्यामुंबईची, हे चित्र त्या शब्दाला कुणीतरी चिकटवलंय, आणि ते कुणाच्या सोयीचं आहे ते दस्त नोंदवतात त्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर कळतं. 'कायद्यानं तुला काही मिळत नाही' असं बहिणीला कुणी सांगत नाही. वाटा मागणारी घर फोडते, एवढं म्हटलं की काम होतं. 'समानता' म्हणून मागितला असता तरी बेबीला हेच ऐकावं लागलं असतं.

आणि शहरी म्हणशील तर आपलं शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव बघ. 4 मे 2022 ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. शाहू महाराजांनी विधवाविवाहाचा कायदा केला तो 1917 साली. हे काही बाहेरून आलेलं नव्हे.

आता बेबीचा हिशेब. चार एकर म्हणजे 160 गुंठे. वारस चार: काकी म्हणजे अण्णांची बायको, बाळू, आक्का, बेबी. जमीन अण्णांनी स्वतः घेतलेली असती तर सरळ चौथा हिस्सा, 40 गुंठे. वडिलोपार्जित धरली तर आधी अण्णा, काकी आणि तीन मुलं असे पाच भाग पडतात, मग अण्णांचा भाग चौघांत जातो. उत्तर तेच, 40 गुंठे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच सहहिस्सेदार झाली, आणि ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. लग्नात केलेला खर्च वाट्यातून वजा होत नाही. बाळू तो आकडा सगळ्यांना ऐकवत सुटलाय.

घोळ कुठं होतो ते बघ. वारस नोंदीच्या प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावंच लिहीत नाहीत. किंवा सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असं लागलेलं असतं आणि वर्षानुवर्षं बाकीचे वारस दिसतच नाहीत. किंवा 'वारस नोंदीला सही लागते' म्हणून कागदांच्या गठ्ठ्यात हक्कसोड पत्र सरकवतात. साध्या स्टॅम्प पेपरावरच्या हक्कसोडीनं हक्क जात नाही, ती नोंदवलेलीच लागते. पण एकदा नोंदली की फिरवायला दिवाणी कोर्ट, तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. बाळू म्हणतो कागद मोठा आहे, वाचत बसू नको. म्हैस घेताना हाच बाळू तिचे दात मोजतो!

बाळूची एक अडचण मात्र खरी आहे. बहिणींची नावं लागली की सोसायटीच्या पीक कर्जाला दरवेळी त्यांच्या सह्या लागतात, आणि आक्का मुंबईला. त्यावर संमतीपत्र आहे, कर्जापुरतं मर्यादित कुलमुखत्यारपत्र आहे. सह्यांच्या दगदगीसाठी कुणी 40 गुंठे सोडत नाही.

मला सगळ्यात जास्त घोर काकीचा आहे. त्याच कागदावर तिचाही अंगठा घेणार आहेत. म्हातारपणी औषधाला पैसे मागायची वेळ आली तर स्वतःच्या नावावर काहीतरी असलेलं बरं. बेबीनं एक वेळ आपलं सोडावं, काकीचं नाव निघू देऊ नये.

वाचून, समजून, चार दिवस विचार करून बेबीनं हक्क सोडला तर मी अवाक्षर काढणार नाही. तिचा हिस्सा, तिचा निर्णय, मी स्त्रीवाद म्हणते तो हाच. पण न वाचता, बदनामीच्या भीतीनं केलेली सही मला बघवत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिनूला दहावीचे मार्क चांगले पडले, ऐकलं. त्याला शाबासकी सांग.

तारीख पुढच्या गुरुवारची आहे. बेबी माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. मसुदा दोन दिवस आधी घरी मागून घे, एवढंच तिला सांग. बाळूनं दिला नाही तर गुरुवारी जाऊच नको म्हणावं. तिच्या सहीशिवाय तो कागद पुरा होत नाही.

तुझी,
शालन